आईच्या माणसांची खूण

कोर्टात तिला सगळे दुभाषीबाई म्हणत. साक्षीदार बहिरा निघाला की शिपाई व्हरांड्यात येऊन हाक द्यायचा, "दुभाषीबाई, चला, तुमचं गिऱ्हाईक आलंय." मी त्याच कोर्टात लघुलेखक म्हणून अठ्ठावीस वर्षं काढली. केस पुकारली जाईपर्यंत बाकावर बसून राहणं हा आम्हा दोघींच्या नोकरीचा मोठा भाग. तिची हकिगत मला त्या बाकावर कळली, तुकड्यातुकड्यांनी आणि मागचं पुढे, पुढचं मागे अशी. शेवटचा भाग मात्र मी स्वतः पाहिला आहे.

तिचे आईवडील दोघेही जन्मापासून बहिरे. घरात कान असलेली ती एकटीच. तिचे हात आधी बोलायला लागले, तोंड नंतर. तोंडाने बोलायला तिला समोरच्या बिऱ्हाडातल्या काकूंनी शिकवलं. पाचव्या वर्षी ती आईबरोबर बाजारात जाऊन भाव करायची. "आई म्हणते, कालचाच माल आहे, पाणी मारून ठेवलाय," असं एवढीशी पोर ठणकावून सांगायची आणि दुकानदार हसत सुटायचा. सातव्या वर्षी दवाखान्यात डॉक्टरांचं म्हणणं आईला समजावून सांगायची. त्यातलं बरंचसं सात वर्षांच्या मुलीच्या कानावर पडू नये असं होतं. "मला लहानपण नव्हतं असं नाही," ती म्हणायची, "पण ते मधल्या सुट्टीत उरकायला लागायचं."

वडील टेकडीवरच्या बंगल्यातले. आजोबा नावाजलेले वकील, घराणं जुनं, टेकडीवरच्या थोरल्या प्रार्थनाघरात पहिल्या रांगेतली बाकं त्यांच्याच घरची. त्या घरात हा मुलगा बहिरा निघाला. त्याला लांबच्या निवासी शाळेत ठेवलं आणि पुढे एका ओळखीच्या पुस्तकबांधणीच्या कारखान्यात चिकटवून दिलं. त्याचे भाऊ वकील आणि डॉक्टर झाले; हा त्यांच्या जाडजूड ग्रंथांना पुठ्ठे बांधत बसला.

आई खालच्या वस्तीतली. त्या वस्तीतली माणसं पिढ्यान्‌पिढ्या शहराची गटारं आणि विहिरी उपसत आली होती. थोरल्या प्रार्थनाघरात त्यांना उंबऱ्याच्या आत घेत नसत. म्हणून तिच्या पणजोबांच्या काळात अख्ख्या वस्तीने तो धर्मच सोडला, दुसरा धरला आणि हौदाशेजारी पत्र्याचं एक छोटं प्रार्थनाघर बांधलं. देव बदलला. काम तेच राहिलं आणि टेकडीवरच्यांची नजरही.

अशा दोन घरांत सोयरीक व्हायचं कारण एकच. बहिऱ्या मुलाला धडधाकट घरातून मुलगी मिळेना. ही दोघं एकाच निवासी शाळेत शिकलेली, एकमेकांना ओळखणारी. वकील आजोबा म्हणाले, "मुक्याला मुकी. देवानेच एका मापाची काढलीत, आपण कशाला मोडता घाला?" मुलाला कान असते, तर याच आजोबांनी त्या मुलीला फाटकाच्या आत पाऊल टाकू दिलं नसतं. लग्न झालं, पण सून बंगल्यात राहायला आली नाही. दोघांना शहरात दोन खोल्या भाड्याने घेऊन दिल्या. जावईही कधी सासुरवाडीला गेला नाही. सासरे वारले तेव्हा तो वस्तीच्या कोपऱ्यापर्यंत गेला आणि तिथूनच परत फिरला. तेव्हा त्याला आपल्या वडिलांची भीती होती. पुढे वडील गेले, भीती गेली, पण न जायची सवय राहिली.

दुभाषीबाईच्या आयुष्यातली पहिली मोठी गोष्ट ती आठ वर्षांची असताना घडली. आजोबांच्या वाढदिवसाला बंगल्यावर पाहुणे यायचे होते. आजीने तिला हाताशी धरून सांगितलं, "आईला सांग, पाहुणे जाईपर्यंत मागच्या खोलीत बस म्हणावं. कुणी विचारलं कोणाकडची, तर मी काय सांगू?"

मुलीने आईकडे वळून हाताने सांगितलं, "आजी म्हणते तू दमली असशील, आत जाऊन जरा पड."

आईने आजीकडे पाहिलं, मान डोलावली आणि आत गेली. संध्याकाळी घरी परतताना टेकडीच्या उतारावर ती एकाएकी थांबली. पिशवी खाली ठेवली, कारण बोलायला दोन्ही हात लागतात.

"आजी काय म्हणाली होती?"

"आराम कर म्हणाली."

"दमलेल्या माणसाकडे कुणी असं बघत नाही. खरं सांग."

मुलीने रडत खरं सांगितलं. आईने ते शेवटपर्यंत पाहून घेतलं. मग म्हणाली, "वाईट वाटून घ्यायचं की नाही, ते मी ठरवीन. तू माझ्या आधी ठरवायचं नाहीस. मी आधीच बहिरी आहे, तू मला आणखी बहिरी करू नकोस."

त्या दिवसापासून तिने कुणाचंही बोलणं कधी बदललं नाही. कोर्टात आरोपीने न्यायाधीशांना शिवी दिली, तर ती शिवी ही बाई सरळ आवाजात, जशीच्या तशी सांगायची. एकदा वकील भडकले, "अहो, निदान जरा सौम्य करून सांगा!" ती म्हणाली, "सौम्य करायचं असतं तर त्याने केलं असतं." मी मान खाली घालून लिहीत होते, पण मला हसू आवरेना.

लग्न तिचं झालं नाही. स्थळं आली होती. वडिलांकडची माणसं आईचं कुळ विचारत, आईकडची माणसं वडिलांचा धर्म विचारत आणि दोन्हीकडचे, मुलं बहिरी होतील का ते विचारत. "प्रश्नपत्रिका एवढी मोठी," ती म्हणायची, "आणि मी आधीच नापास." आईवडील टेकडीवरच्या आणि हौदाजवळच्या अशा दोन वेगळ्या प्रार्थनाघरांत जात. दोन्हीकडे खुणांनी सांगणारं कोणी नव्हतं, म्हणून ही सकाळी एकीकडे आणि दुपारी दुसरीकडे उभी राहायची. दोन्हीकडची प्रवचनं तिला पाठ होती. "तुझा धर्म कोणता गं?" असं मी एकदा विचारलं. "उभं राहायचा," ती म्हणाली. "मला दोन्हीकडे बसायला कुणी सांगितलंच नाही."

शहरातल्या बहिऱ्यांचं एक मंडळ होतं. थोरल्या प्रार्थनाघराच्या विश्वस्तांनी त्यांना तळघरातला हॉल महिन्यातून एकदा फुकट दिला होता. तिथे सगळ्या घरांतले, सगळ्या धर्मांचे बहिरे जमायचे, कारण आपल्या भाषेत मनसोक्त गप्पा मारायला दुसरी जागाच नव्हती. बंगल्यातला बहिरा आणि वस्तीतला बहिरा एका बाकावर बसून चहा प्यायचे. घरी गेल्यावर हे कुणी सांगायचं नाही. अध्यक्ष छापखान्यातले एक निवृत्त कंपॉझिटर होते, दुभाषीबाईच्या वडिलांचे शाळेतले दोस्त. हट्टी, पण मंडळासाठी जीव टाकणारे.

इथे एक गोष्ट सांगायला हवी. बहिऱ्यांच्या भाषेत माणसाचं नाव म्हणजे खूण. कुणाच्या हनुवटीवर खळी, कुणाच्या कपाळावर व्रण, तीच त्याची खूण आणि तेच त्याचं नाव. एका मुलीची खूण वेणी ओढायची होती. तिने केस कापून सहा वर्षं झाली होती, तरी ती वेणीच राहिली. समाजांच्या खुणाही अशाच. एका धर्माच्या लोकांसाठी दाढी कुरवाळायची. दुकानदारांसाठी अंगठा बोटावर घासायचा. टेकडीवरच्यांसाठी तर्जनीने नाकाचा शेंडा वर उचलायचा. आणि खालच्या वस्तीतल्यांसाठी नाकाला चिमटा. गेली साठ वर्षं सगळे हीच खूण करत होते. दुभाषीबाईचे वडील करायचे, आई स्वतः करायची, वेणीही लहानपणी करायची.

वेणी त्याच वस्तीतली. शिवणाच्या कारखान्यात गणवेश शिवायची. पंचविशीची, तडकाफडकी बोलणारी, म्हणजे तिचे हात एवढे वेगाने चालत की म्हातारे म्हणत, "पोरी, जरा हळू, आम्हाला चष्मे आहेत."

समाजकल्याण खात्याने खुणांचा सचित्र कोश काढायचं ठरवलं तेव्हा ही गोष्ट बाहेर आली. खात्याचे साहेब फोटोवाल्याला घेऊन तळघरात आले. दुभाषीबाई मध्ये उभी. जागेचे मालक म्हणून एक विश्वस्तही दाराशी खुर्ची टाकून बसले होते. फळं, भाज्या, नातीगोती, महिने, सगळं आनंदात पार पडलं. साहेबांनी पान उलटलं आणि विचारलं, "आता समाज आणि धर्म. खालच्या वस्तीतल्या लोकांना काय म्हणता?"

तीस हात एकदम नाकाशी गेले.

वेणी उठली. "ही खूण छापायची नाही."

अध्यक्ष हसले. "का? सगळ्यांना कळते."

"कळते म्हणूनच नको. साठ वर्षांपूर्वी कुणाला वास आला, तो आम्ही अजून अंगावर घेऊन फिरायचं? उद्या शाळेतली पोरं पुस्तकात बघून शिकतील की आमचं नाव म्हणजे घाण."

"अगं, खुणेला कसली जात? टेकडीवरच्यांसाठी आपण नाक वर करतो, ते कधी रडले का?"

"त्यांना ठाऊक तरी आहे का?"

साहेबांनी दुभाषीबाईला विचारलं, "काय चाललंय? भांडतायत का?"

तेव्हा अध्यक्षांनी हात पोटाशी धरून, बारीक खुणेने तिला सांगितलं, "हे त्याला सांगू नकोस. घरातलं आहे."

दुभाषीबाई क्षणभर थांबली. तेवढं थांबणंही तिच्या सवयीत नव्हतं. मग तिने पहिल्यापासून सगळं सांगितलं. नाकाचा चिमटा, वेणीचं म्हणणं, अध्यक्षांचं उत्तर, टेकडीवरच्यांचं वर केलेलं नाक. शेवटी त्याच आवाजात म्हणाली, "आणि अध्यक्ष मला म्हणतायत, हे साहेबांना सांगू नकोस, घरातलं आहे."

साहेब वहीत बघत राहिले. फोटोवाल्याने उगाच कॅमेऱ्याची काच पुसायला घेतली. दाराशी बसलेले विश्वस्त मात्र ताडकन उठले. नाकाला चिमटा काढतात याचं त्यांना काहीच वाटलं नव्हतं. ते म्हणाले, "म्हणजे आम्हाला नाक वर करून दाखवतात? वर्षानुवर्षं? आमच्याच तळघरात बसून? आमचा चहा पिऊन?"

दुभाषीबाईने तेही हाताने सगळ्यांना सांगितलं.

पुढच्या आठवड्यात मंडळाला पत्र आलं. तळघराची डागडुजी करायची असल्याने हॉल पुढील सूचनेपर्यंत मिळणार नाही.

घरी रामायण झालं. वडील सत्तरी ओलांडलेले, शांत स्वभावाचे. पण त्या दिवशी त्यांनी टेबलावर हात आपटून मुलीचं लक्ष वेधलं.

"चाळीस वर्षांची जागा घालवलीस. का सांगितलंस?"

"कारण ती बोलली आणि साहेबांनी विचारलं."

"प्रत्येक गोष्ट सांगायलाच हवी का? ती खूण म्हणजे नुसती खूण. मी तुझ्या आईसमोर आयुष्यभर करत आलो. तिने कधी तोंड वाकडं केलं?"

आई भांडी विसळत होती. तिला पाठीमागचं काही कळणार नव्हतं, पण खिडकीच्या काचेत दोघांचे हात दिसत होते. ती हात पुसत आली आणि मुलीला म्हणाली, "त्याला विचार, ती खूण कुणी काढली."

वडिलांचे हात जागच्या जागी थांबले.

"विचार की," आई म्हणाली. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. जुना हिशेब काढणाऱ्या माणसासारखीही ती दिसत नव्हती. घरातली एखादी वस्तू कुठल्या फडताळात आहे ते सांगावं, तसं तिने ते सांगितलं.

वडील खुर्ची ओढून बसले. मग सावकाश म्हणाले, "मी काढली."

ते नऊ वर्षांचे होते आणि ती सहा. निवासी शाळेत वस्तीतली पहिली मुलगी आली, तिच्या बापाच्या पाठीवर बसून. बाप कामावरून थेट आला होता. अंगणात सगळी पोरं उभी होती. शाळेत खुणा करायला बंदी. मास्तर हातावर पट्टी मारायचे. म्हणून सगळी भाषा न्हाणीघरामागे लपूनछपून चालायची आणि नवी खूण कुणी काढली की तो दिवसभर राजा. ह्यांनी नाकाला चिमटा काढून दाखवला. पोरं लोळून हसली. संध्याकाळपर्यंत तेच त्या मुलीचं नाव झालं. पुढच्या वर्षी वस्तीतून आणखी दोन मुलं आली. तेव्हा तिला गालावरच्या तिळाची वेगळी खूण मिळाली आणि चिमटा सगळ्या वस्तीचा झाला. शाळेतून मुलं गावोगाव गेली, त्यांच्याबरोबर खूणही गेली.

"तुला ठाऊक होतं?" वडिलांनी बायकोला विचारलं.

"मी तिथेच उभी होते."

"मग माझ्याशी लग्न का केलंस?"

आई जराशी हसली. "तू शाळेत एकटाच होतास, ज्याने मला दुसरी खूण दिली. तीळ तूच काढलास, तेही विसरलास?" मग ती परत भांड्यांकडे वळली, म्हणजे संभाषण संपलं. बहिऱ्या माणसाने पाठ फिरवली की पुढे काही बोलता येत नाही.

हे सांगताना बाकावर दुभाषीबाईचे डोळे भरून आले होते. मी तिला इतक्या वर्षांत पहिल्यांदा तसं पाहिलं. "मला कुणाचा राग यायला हवा तेच कळेना," ती म्हणाली. "सगळ्यांचं बोलणं सांगायची सवय, माझं स्वतःचं काय म्हणणं आहे ते शोधायला गेले तर हाताशी शब्दच नाहीत."

मंडळाला जागा मिळेना. शाळा नाही म्हणाली, वाचनालय नाही म्हणालं. शेवटी वेणीने कारखान्याच्या मालकिणीला विचारून शिवणखोलीच्या वरचा माळा मिळवला. माळा खालच्या वस्तीत, हौदापासून चौथ्या गल्लीत. पहिल्या सभेला फक्त नऊ जण आले. अध्यक्ष आले, कारण सभेला अध्यक्ष हवाच हे त्यांचं तत्त्व होतं, पण नाकावर रुमाल धरून आले. वेणीने विचारलं, "सर्दी?" त्यांनी रुमाल खिशात घातला.

टेकडीकडचे आणि बाजारपेठेतले लोक तीन-चार महिने आले नाहीत. पण बहिरा माणूस बोलल्याशिवाय किती दिवस राहणार? घरी सगळे तोंड हलवत असतात, याच्याकडे बघून कुणी हात हलवत नाही. एकेक जण येऊ लागला. पाचव्या महिन्यात खात्याने कळवलं की कोशाचं पान अडलं आहे, सभा घेऊन लेखी ठराव पाठवा. ऐकणाऱ्या कुणीतरी वृत्तांत लिहायला हवा होता. दुभाषीबाईने मला विचारलं, मी गेले.

माळ्यावर कापडाचे गठ्ठे, कोपऱ्यात सुतळीने बांधलेल्या चिंध्या, मशीन-तेलाचा वास. मोठा दिवा मधोमध, कारण उजेड नसेल तर सभा मुकी होते. मी वही घेऊन बसले. मला सभा दुभाषीबाईच्या तोंडून ऐकू येणार होती.

सुरू व्हायच्या जरा आधी जिन्यावर गडबड झाली. दुभाषीबाईचे वडील आले होते, बायकोबरोबर. पुढे काठी टेकत तिचा थोरला भाऊ. पंचेचाळीस वर्षांनी जावई सासुरवाडीच्या हद्दीत आला, ही बातमी गल्लीत आधीच फुटली होती. मामा ऐकणारा-बोलणारा, तोंडाचा पट्टा अखंड चालू. "या जावईबापू, या! रस्ता लांबचा पडला का? चालत अर्धा तास आहे म्हणतात!" दुभाषीबाईने बापाला ते हाताने सांगितलं, त्यातला टोमणा अजिबात न गाळता. वडील लाजले. मामाने त्यांच्यासाठी स्वतःच्या घरची खुर्ची आणली होती. तिचा एक पाय आखूड होता, खाली पुठ्ठा दुमडून घातलेला. वडिलांनी बसायच्या आधी वाकून तो पुठ्ठा काढला, नीट घड्या घालून परत बसवला. हातच बांधणीवाल्याचा.

सभा सुरू झाल्यावर ते पहिलेच उठले.

"ती खूण मी काढली होती. नऊ वर्षांचा होतो. आज मी ती परत घेतो."

अध्यक्ष म्हणाले, "खूण म्हणजे उसनी दिलेली छत्री नाही, परत घ्यायला. ती आता सगळ्यांची आहे. आणि परत घेऊन तिच्या जागी काय ठेवणार?"

यावर दुभाषीबाईची आई उठली. मंडळाच्या सभेत ती कधी बोलली नव्हती. ती म्हणाली, "शाळेत जायच्या आधी माझी आई मला आपली माणसं दाखवायला अशी खूण करायची." तिने दोन्ही मुठी एकीखाली एक धरून दोर ओढल्यासारखं केलं. "विहिरीत उतरलेल्या माणसाचा दोर वर कुणीतरी धरून ठेवायचं. जो धरतो तो आपला. ही घ्या."

माळ्यावर एकदोघांनी ती खूण करून पाहिली. मला वाटलं, प्रश्न सुटला. मी तसं लिहायलाही घेतलं.

वेणी उठली. मान खाली, पण हात स्पष्ट. "मावशी, खूण चांगली आहे. पण मला नको. यातही तेच काम आहे. टेकडीवरच्या वकिलांची खूण वकिली नाही, मग आमचीच का गटारातली? मी शिवते. माझा भाऊ ट्रक चालवतो. आम्ही कुणी दोर धरत नाही."

दुभाषीबाईने हे सांगताना तिचा आवाज नेहमीसारखा सरळ होता. मी वर पाहिलं. ती आपल्या आईकडे बघत होती.

आईने थोडा विचार केला. चेहरा पडला होता, ते लपवायचाही तिने प्रयत्न केला नाही. म्हणाली, "माझी आई मला एवढंच देऊन गेली, म्हणून सांगितलं. पण तुला पुढे पन्नास वर्षं ते नाव घ्यायचंय, मला फार तर दहा. तू सांग." आणि खाली बसली.

तरुणांनी ठरवलेली खूण साधी होती. उजवा हात डाव्या खांद्यावर दोनदा टेकवायचा. "याचा अर्थ काय?" एका म्हाताऱ्याने विचारलं. "काहीच नाही," वेणी म्हणाली. "नावाला अर्थ कशाला हवा? तुमच्या खळीला काय अर्थ आहे?" त्यावर बरीच हाणामारी झाली, म्हणजे हातांची. मला लिहून होईना. शेवटी मतं घेतली. खांद्याच्या बाजूने सतरा, विरुद्ध आठ. वडिलांनी खांद्याला मत दिलं. आईने कुणालाच दिलं नाही.

आम्ही ठराव पाठवला. आठ महिन्यांनी कोश छापून आला. त्यात तो विषयच नव्हता. फळं होती, महिने होते, पन्नास भाज्या होत्या; धर्म आणि समाज यांचं अख्खं पान साहेबांनी वाद नको म्हणून गाळून टाकलं होतं. वेणी संतापली. अध्यक्ष म्हणाले, "बघ, तुझ्यामुळे दाढीसुद्धा गेली." पण तोवर मंडळात तरुण पोरं खांदाच करू लागली होती. म्हाताऱ्यांचा हात सवयीने नाकाकडे जायचा. कधी कधी तो तिथे पोहोचायचाही, मग वेणी टेबलावर थाप मारायची.

मंडळ त्या माळ्यावरच राहिलं. पुढे थोरल्या प्रार्थनाघराने डागडुजी संपल्याचं कळवलं, पण कुणी परत जायचं नाव काढलं नाही. वडील दर महिन्याला जायचे. सभेच्या आधी मेव्हण्याच्या घरी तासभर बसायचे. दोघांना एकमेकांची भाषा येत नव्हती. पत्त्यांचा डाव मांडायचे. मामा हरला की तोंडाने भांडायचा आणि यांना ते ऐकू यायचं नाही, त्यामुळे भांडण कधी वाढलं नाही.

अजून एक गोष्ट राहिली. दोन वर्षांनी वेणीने मंडळात ठराव मांडला. नियमाप्रमाणे मंडळात ऐकणाऱ्या माणसाला मत नसतं. दुभाषीबाईने मंडळासाठी एवढं केलं, जागा गेली तेव्हा सगळ्यांची बोलणी खाल्ली, तिला मताचा हक्क द्यावा. तिच्या आईने लगेच हात वर केला. अध्यक्षांनीही केला, याचं सगळ्यांना नवल वाटलं. त्या दिवशीही वृत्तांत माझ्याकडेच होता. मोजणी झाली आणि दुभाषीबाईने स्वतःचाच निकाल मला सरळ आवाजात सांगितला, "बाजूने अकरा, विरुद्ध चौदा. ठराव नामंजूर."

विरुद्ध चौदांमध्ये तिचे वडील होते.

जिना उतरताना मी तिला म्हटलं, "तुझ्या वडिलांनी असं का करावं गं?"

"मी विचारलं त्यांना. म्हणाले, तुला ऐकू येतं. बाहेर सगळीकडे ऐकणारेच ठरवतात. ही एकच जागा आहे जिथे आम्ही ठरवतो."

"आणि तुला काय वाटतं?"

तिने एका पायरीवर थांबून विचार केला. खाली गल्लीत कुणीतरी सायकलची साखळी चढवत होतं. "वाईट वाटलं," ती म्हणाली. "पण त्यांचं बरोबर आहे. आणि हे मी आत्ता तुझ्याशी बोलले, कुणाचं सांगितलं नाही."

मग तिने मला विचारलं की मंगळवारी कोणती केस आहे. मी सांगितलं, चोरीची, साक्षीदार पाच, त्यातला एक बहिरा. ती म्हणाली, म्हणजे दुपार जाणार, डबा आणायला हवा.